आग विझवण्याच्या यंत्राची खंडेनवमी

आमच्या घरी फोडणी ही साधी गोष्ट नव्हती. आई तेलात मोहरी टाकायची तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, स्वयंपाकघराच्या दारात ओलं पोतं हातात धरून उभे असायचे. मोहरी तडतडायची थांबली, की पोतं परत बादलीत आणि अण्णा परत वर्तमानपत्रात. आमटीला पहारा लागणारं घर अख्ख्या कुळगावात आमचं एकच होतं. आई म्हणायची, "माझ्या माहेरी दरोडेखोरांची भीती होती, तेव्हासुद्धा एवढा बंदोबस्त नव्हता."

अण्णांचं चुकत होतं असं मी आज म्हणणार नाही. तेव्हा मात्र मी रोज म्हणायचे. ते अंबरनाथच्या एका रसायनांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. मी लहान असताना तिथे एका कामगाराच्या तोंडावर ॲसिड उडालं. त्याला हाताला धरून दवाखान्यात नेणारे अण्णाच होते. वाटेत तो सारखा विचारत होता, "साहेब, अंधार पडला का?" तेव्हा दुपार होती. हे अण्णांनी आम्हाला एकदाच सांगितलं. ओलं पोतं त्यानंतर घरात आलं.

रविवारी सकाळी अंगणात कवायत असायची. अण्णा पडवीतून एकाएकी ओरडायचे, "आग!" की मी हातातली वेणी अर्धी सोडून वाळूच्या बादलीकडे धावायचं.

"कसली आग?" अण्णा विचारायचे.

"स्टोव्हची."

"मग डोळे पाण्याच्या हंड्याकडे का? रॉकेलवर पाणी ओतून गावाला दिवाळी दाखवायची आहे का? आधी बघ काय जळतंय, मग हात उचल."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं, की शाळेतल्या पाढ्यांपेक्षा ते जास्त पाठ झालं. वाळू भिरकवायची नाही, कडेकडेनं आत ओतायची, हेही तिथलंच शिक्षण. शेजारच्या काकू कुंपणावरून विचारायच्या, "झाली का गं आज लंका जाळून?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

अशा माणसाच्या मुलीनं रसायनशास्त्रच घ्यायचं ठरवलं. मुंबईला मावशीकडे राहून मी बी.एस्सी. झाले, आणि उल्हासनगरच्या नव्या कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटरची जागा मिळाली. नेमणुकीचं पत्र अण्णांनी दोन दिवस परत परत वाचलं. मग देवासमोर बसवून म्हणाले, "जा. पण तिथे काही झालं, लहान असो की मोठं, तर दुसऱ्या दिवसापासून घरी. माझी तेवढी एकच अट." मी "बरं" म्हटलं. आईनं साक्षीदार म्हणून समईची वात सारखी केली.

ती नोकरी मला फार हवी होती. कुळगावात मी पोतंवाल्यांची मुलगी होते, आणि थोड्याच दिवसांत कुणाची तरी सून झाले असते. कॉलेजात मला "बाई" म्हणत. मी आत आले की मिशा फुटलेली मुलं उठून उभी राहत. हे सुख ज्याला मिळालं नाही त्याला ते सांगून कळणार नाही.

कॉलेज म्हणजे लष्करानं सोडून दिलेल्या बराकी. बाकीच्या बराकींत सिंधी कुटुंबं राहत होती, चादरींचे पडदे लावून. टोकाच्या काही बराकी कॉलेजला मिळाल्या होत्या. आमच्या प्रयोगशाळेच्या मागच्या बराकीत बायका पापड लाटायच्या. आमचा हायड्रोजन सल्फाइड त्यांच्याकडे जायचा आणि त्यांच्या मिऱ्यांचा ठसका आमच्याकडे यायचा. "बेटी, आज फिर अंडे सड गए?" एक म्हातारी मला खिडकीतून विचारायची. मी विज्ञान समजावून सांगायचा प्रयत्न एकदा केला. तिनं ते सगळं ऐकून घेतलं आणि उदबत्ती आणून दिली.

प्रिन्सिपॉलसाहेब कराचीहून आलेले. घर, पुस्तकं, सगळं तिकडे राहिलं, पण उत्साह मात्र त्यांनी पुरा इकडे आणला होता. मराठी ते मनापासून बोलायचे आणि अडलं की हिंदीचा हात धरायचे. हेडक्लार्क बदलापूर गावातले, घाऱ्या डोळ्यांचे, बंद गळ्याचा कोट घालणारे. कॉलेजातल्या सगळ्या किल्ल्या त्यांच्या ताब्यात होत्या. खिशाला भोक पडतं, टेबल कुणीही उघडतं, म्हणून महत्त्वाच्या किल्ल्या ते जानव्याला बांधत. एखादी किल्ली मागितली की आधी कोटाची बटणं, मग सदऱ्याची, मग गंजिफ्रॉकातून हात, असा कार्यक्रम असे. बाईमाणसानं तोवर दुसरीकडे बघत उभं राहायचं.

प्रयोगशाळेला मागच्या बाजूनं एक दार होतं. त्यावर लाल अक्षरांत "आपत्कालीन मार्ग" असं सुबक लिहिलेलं होतं आणि खाली हातभर कडीला लष्करी कुलूप होतं. कुलूप का, तर ते दार उघडं असलं की पापडवाल्या बायका घागरी घेऊन प्रयोगशाळेतून नळावर जायच्या. तो त्यांचा जवळचा रस्ता होता. खिडक्यांना गज होते. म्हणजे आत काही पेटलं, तर सगळ्यांनी पुढच्या एकाच दारानं, वाटेतल्या पुस्तकांच्या कपाटाला वळसा घालून बाहेर पडायचं.

मी नोकरीला लागल्याच्या आठवड्यातच ती किल्ली मागितली. हेडक्लार्क म्हणाले, "आपत्कालीन दाराची किल्ली आहे बाई ती. अशी रोज रोज कशी देता येईल? आपत्ती आली की सांगा, लगेच देतो."

मग विद्यापीठाचं पत्र आलं. कॉलेजातली सुरक्षितता, घातक रसायनांची व्यवस्था आणि आपत्तीच्या वेळची तयारी पाहायला एक समिती येणार होती. तिनं नापास केलं तर विज्ञान शाखा बंद. समितीत स्थानिक उद्योगातला एक जाणकार असावा, म्हणून विद्यापीठानं अंबरनाथच्या एका कारखान्यातल्या अनुभवी गृहस्थांना घेतलं होतं. ते गृहस्थ म्हणजे आमचे अण्णा.

नापास झालो तर विज्ञान बंद, म्हणजे मी घरी. पास होताना अण्णांच्या डोळ्यांदेखत काही झालं, तरी मी घरीच.

अण्णा मात्र खूश होते. त्यांना आयुष्यात एकच शौक होता, तो म्हणजे मिशा. जाड, काळ्याभोर, टोकाला किंचित वळवलेल्या. समितीवर नेमणूक झाल्यापासून ते त्यांना रोज खोबरेल लावायला लागले. मी म्हटलं, "अण्णा, माझ्याकडे बघून तरी सोडून द्या हो आम्हाला." ते म्हणाले, "तुझ्याकडे बघणारच नाही. मी दाराकडे बघतो आधी."

हे मी दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपॉलसाहेबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "बाई, फिकीर नको. दाराला नवीन रंग देऊ." आणि खरोखरच दाराला, कडीला आणि कुलपाला हिरवा ऑइलपेंट लागला. कुलपाच्या किल्लीच्या भोकातसुद्धा रंगाऱ्यानं आळस केला नाही.

पाहणीचा दिवस प्रिन्सिपॉलसाहेबांनीच निवडला. ह्या मुलखात खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते हे त्यांना कळलं होतं. "कमिटीमध्ये सगळे मराठी लोक. पूजा पण, पाहणी पण. त्यांना बरं वाटेल," असं म्हणून त्यांनी समितीला त्याच दिवसाचं आमंत्रण धाडलं. हेडक्लार्कांच्या अंगात दहा माणसांचं बळ आलं. तराजूला हळदकुंकू, ब्यूरेटला झेंडूचं फूल, भिंतभर रंगीत कागदाच्या पताका. आगीसाठी ठेवलेल्या वाळूच्या लाल बादल्या त्यांनी काठोकाठ भरल्या, वाळू पट्टीनं सारखी केली आणि प्रत्येक बादलीत वर रांगोळी काढवून घेतली. एका बादलीत कमळ, एकीत स्वस्तिक, एकीत "सुस्वागतम्".

"ह्यांना हात लावायचा नाही हं बाई," ते मला म्हणाले. "समिती जाईपर्यंत मोडता कामा नये."

सगळ्यात मान होता आग विझवण्याच्या यंत्राला. लाल रंगाचं, उभट, चांगलं जड नळकांडं. अंबरनाथहून नव्यानं भरून आणलेलं. त्याच्या डोक्यावर पितळी खुंटी होती. खुंटीवर जोरात आपटलं की आतली ॲसिडची काचेची कुपी फुटते, ते सोड्याच्या पाण्यात मिसळतं आणि तोटीतून पाण्याची धार सुटते. चुकून धक्का लागू नये म्हणून खुंटीवर टोपण असतं. ते टोपण हेडक्लार्कांनी काढून ठेवलं होतं, कारण त्याखालचं पितळ चिंचेनं घासल्यावर फार छान चकाकत होतं. यंत्र मधल्या टेबलावर पाटावर बसवून त्यांनी त्याला हार घातला आणि खुंटीला कुंकू लावलं.

त्याच टेबलावर समोर, रुखवत मांडतात तसे आमचे घातक पदार्थ मांडायचा हुकूम होता. मी म्हटलं, "सर, हे कपाटात बंद असतात म्हणून तर सुरक्षित असतात." प्रिन्सिपॉलसाहेब समजुतीनं म्हणाले, "बाई, कपाटातली तयारी कोण बघणार? दिसली पाहिजे." सोडियमची बाटली जुनी, पिवळी पडलेली, आतलं दिसेना. म्हणून त्याचे तुकडे काचेच्या वाडग्यात काढून ठेवायला सांगितलं. सोडियमला पाणी लागलं की ते भडकतं, म्हणून ते रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात. मी वाडग्यात रॉकेल ओतलं, वर काचेचं झाकण ठेवलं आणि सगळ्यांना बजावलं, की ह्या टेबलाच्या आसपास पाण्याचा थेंब येता कामा नये. हेडक्लार्कांनी मान डोलावली आणि शिपायाला तिथला तांब्या हलवायला सांगितलं. तांब्या हलला. यंत्र तिथंच राहिलं.

समिती आली. अध्यक्ष तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक होते. आगीशी त्यांचा संबंध सत्यनारायणाच्या निरांजनापुरता. बरोबर विद्यापीठाचा एक कारकून आणि मिशांना तेल लावलेले अण्णा. अण्णांनी बोलल्याप्रमाणे माझ्याकडे पाहिलं नाही. ते सरळ मागच्या दाराशी गेले आणि हिरव्या कुलपाकडे बघत उभे राहिले.

"ह्याची किल्ली?"

"सुरक्षित आहे," हेडक्लार्क छातीवर हात ठेवून म्हणाले. अण्णांना वाटलं असावं, की हा गृहस्थ शपथेवर बोलतोय.

अध्यक्षांनी रांगोळीचं कौतुक केलं. तराजूला नमस्कार केला. सोडियमच्या वाडग्यावरचं झाकण उचलून "हे काय, खडीसाखर?" असं विचारलं, मी सांगितल्यावर ते चटकन मागे सरकले आणि झाकण हातातच राहिलं. तेवढ्यात प्रिन्सिपॉलसाहेबांनी नारळ पुढे केला. "सर, आपल्या हस्ते."

झाकण कारकुनाकडे देऊन अध्यक्षांनी नारळ घेतला आणि इकडेतिकडे पाहिलं. वाढवायचा कशावर? दगड आणायला सगळे विसरले होते. खाली सतरंजी होती. अध्यक्षांची नजर फिरत फिरत टेबलावर आली. कुंकू लावलेली, कडक, पितळी खुंटी समोर होती, आणि जणू तिला त्याचसाठी बसवलं होतं.

"यंत्राची पूजा आहे, तर यंत्रावरच वाढवू," ते म्हणाले.

"अहो, थांबा!" दाराकडून अण्णा ओरडले. मीही ओरडले असेन. हेडक्लार्क वळून अण्णांना म्हणाले, "का? मुहूर्त बघून ठेवलाय." आणि अध्यक्षांनी दोन्ही हातांनी नारळ हाणला.

नारळ फुटला नाही. आतली कुपी फुटली. यंत्र पाटावर एकदा शहारलं आणि त्याच्या तोटीतून झेंडूच्या हारातून वाट काढत अशी धार सुटली, की लष्कराच्या काळात त्या बराकीनं पाहिली नसेल. पहिला मान अध्यक्षांच्या उपरण्याला. मग धार रुखवतावर गेली आणि वाडगा उलटला.

पिवळ्या ज्वाळा टेबलभर नाचायला लागल्या. सोडियमचे तुकडे चरचरत, उड्या मारत पळत होते, रॉकेल त्यांच्या मागे पेटत होतं, आणि वर पताका पेटल्या. आग विझवण्याच्या यंत्रानं लावलेली आग मी तेवढी एकच पाहिली.

पुढचं सगळं एकदमच झालं. अध्यक्ष आणि कारकून "आपत्कालीन मार्ग" वाचून तिकडे धावले आणि कुलूप ओढत बसले. हेडक्लार्क कोटाची बटणं सोडायला लागले. प्रिन्सिपॉलसाहेब ओरडले, "घंटा! घंटा वाजवा!" शिपायानं बाहेर टांगलेला रुळाचा तुकडा बडवला. आता आमच्याकडे आपत्तीची घंटा आणि तास संपल्याची घंटा एकच होती. ती ऐकून पुढच्या तासाची मुलं शिस्तीत, पांढरे कोट घालून, पुढच्या दारानं आत यायला लागली.

"बाहेर व्हा!" मी ओरडले.

"बाई, हमारा प्रॅक्टिकल है," पुढची मुलगी म्हणाली.

आणि मला ऐकू आलं, अगदी अंगणातल्यासारखं: आधी बघ काय जळतंय. अण्णा खरंच बोलले की माझ्याच डोक्यात ते वाजलं, मला आजही सांगता येत नाही. जळत होतं सोडियम आणि रॉकेल. मी बादलीकडे धावले.

"बाई, रांगोळी!" सदऱ्याच्या तिसऱ्या बटणाशी पोचलेले हेडक्लार्क कळवळून म्हणाले.

मी "सुस्वागतम्" उचललं आणि कडेकडेनं आत ओतलं. मग कमळ. मग स्वस्तिक. शिपाई तोवर घंटा टाकून पिण्याच्या पाण्याचा हंडा घेऊन धावत आला होता. अण्णांनी त्याचं मनगट असं धरलं, की तो हंड्यासकट खाली बसला. मग अण्णा टेबलाजवळच्या स्टुलावर चढले आणि जळत्या पताका हातानं ओढून काढून पायाखाली तुडवल्या. एक जळती पट्टी सुटून त्यांच्या तोंडावर आली.

आग विझली. धूर होता, वाळूचा ढीग होता, आणि मागच्या दारापाशी हेडक्लार्क उघड्या अंगानं, जानव्याला बांधलेली किल्ली ऑइलपेंटनं बुजलेल्या भोकात घालायचा प्रयत्न करत होते. किल्ली जानव्याला असल्यामुळे त्यांना कुलपाला जवळजवळ मिठी मारावी लागली होती.

अण्णा स्टुलावरून उतरले. त्यांची डावी मिशी जागेवर नव्हती.

चहा प्रिन्सिपॉलसाहेबांच्या खोलीत झाला. पेढेही होते. अध्यक्षांच्या धोतरातून खुर्चीखाली पाणी ठिबकत होतं. शेवटी प्रिन्सिपॉलसाहेबांनी घसा साफ केला. "सर, आमचं प्रात्यक्षिक आपल्याला कसं वाटलं?"

अध्यक्षांनी वर पाहिलं. बुडत्याला दोर दिसावा तसा त्यांचा चेहरा झाला. अपघात झाला म्हटलं, तर तो कुणी केला हेही लिहावं लागलं असतं. "प्रात्यक्षिक," ते सावकाश म्हणाले. "हो. फारच परिणामकारक. एकंदरीत तयारी समाधानकारक आहे. कोणतीही अनुचित घटना घडली नाही." कारकुनानं लिहून घेतलं. अध्यक्षांनी सही केली आणि कागद अण्णांपुढे सरकवला.

मी दारात वाळूनं माखलेली उभी होते. अण्णा म्हणजे स्टोअरमधलं बूच कमी असेल तरी सही न करणारा माणूस. त्यांनी कागद वाचला, परत वाचला. फक्त खरं तेवढं लिहिलं, की पुरे होतं. ते लिहिलं असतं की विज्ञान बंद, मी घरी, आणि त्यांना रात्रीची झोप. मी देवासमोर दिलेला शब्द त्यांच्या खिशात होता. मी मनात म्हणत होते, नका हो अण्णा, नका.

त्यांनी दिवसभरात पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातांकडे. मग सही केली.

घरी आलो तेव्हा आई अंगणात होती. तिनं नवऱ्याची अर्धी मिशी पाहिली, माझ्या केसांतली रंगीत वाळू पाहिली. "अगं बाई! काय झालं?"

"काही झालं नाही," अण्णा म्हणाले, आणि वस्तरा घेऊन मोरीत गेले. बाहेर आले तेव्हा उजवी मिशीही नव्हती. मिशांशिवाय ते इतके केविलवाणे दिसत होते, की मला हसूही आलं आणि रडूही.

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी सोनं द्यायला लोक यायला लागले आणि फाटकातच थबकले. बाप्यानं मिशी उतरवली म्हणजे घरात आई किंवा बाप गेला, एवढं सगळ्यांना कळतं. हातातली आपट्याची पानं त्यांनी गुपचूप खिशात घातली. शेजारचे काका खाली मान घालून म्हणाले, "कधी गेले?"

"कोण?"

"लपवू नका हो. वय झालं होतं त्यांचं."

"कुणी गेलेलं नाही. काही झालं नाही," अण्णा म्हणाले. त्यावर काकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. धीराचा माणूस असं गावात नाव झालं. आठवड्याभरात कोकणातून आजोबांचं कार्ड आलं: "मी गेल्याचं इकडे समजलं. कळवणे."

त्या दसऱ्याला आमच्या घरी कुणी सोनं दिलंच नाही. दिवेलागणीला अण्णांनी मला ओट्यावर बोलावलं आणि स्वतःच्या हातानं एक पान दिलं. मी वाकून नमस्कार केला. ते म्हणाले, "काही झालं नाही असं मी सही करून दिलंय. जन्मात पहिल्यांदा खोटं लिहिलं. ते खरं करणं आता तुझ्याकडे."

"कसं?"

"ते मी सांगणार नाही. पुन्हा तशीच आग लागली आणि तेव्हा ती मुलं आत असली तर?" त्यांचा आवाज फाटला. "त्या दाराकडे मी बघून आलोय."

मला त्या क्षणी अण्णांची जितकी माया आली तितकी कधी आली नव्हती. इतकी वर्षं मी त्यांना भित्रा समजत होते.

सुट्टी संपल्यावर मी हेडक्लार्कांकडे किल्ली मागितली. ते म्हणाले, "आता कशाला? समितीनं समाधानकारक म्हटलंय. कुलपासकट." प्रिन्सिपॉलसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, "बाई, कागदावर पास झालेल्या दाराला हात लावला तर विद्यापीठ काय म्हणेल?" काही झालं नव्हतं, त्यामुळे काही करायचंही नव्हतं. रिकामं यंत्र पुन्हा कपाटावर चढलं होतं. ते परत भरायचं म्हणजे ते वापरलं गेलं असं कबूल करणं, म्हणून त्याला तसंच हार वाळेपर्यंत ठेवलं होतं.

मी स्टूल घेतलं. यंत्र खाली उतरवलं, त्याचा वाळका हार काढला, ते दोन्ही हातांनी उचललं आणि हिरव्या कुलपावर हाणलं. पुन्हा हाणलं. माझे दात एकमेकांवर आपटले. कडीचा गंजलेला कोयंडा लाकडातून उखडून कुलपासकट खाली पडला.

हेडक्लार्क धावत आले. "बाई! हे काय चाललंय?"

"आपत्ती आली की सांगा म्हणाला होतात ना?"

"कुठाय आपत्ती?"

"मीच," मी म्हटलं आणि दार ढकललं. बाहेर पापडांच्या खाटा उन्हात वाळत होत्या. उदबत्तीवाल्या म्हातारीनं मान वर करून पाहिलं आणि काही न विचारता वाटेतली एक खाट बाजूला ओढली.

त्या रात्री जेवताना मी म्हटलं, "अण्णा, ते दार उघडं आहे."

अण्णांनी भात कालवणं थांबवलं. "आत उघडतं की बाहेर?"

"बाहेर."

"बरं," ते म्हणाले आणि जेवायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आरशासमोर बसून दाढी केली, पण वरच्या ओठाला वस्तरा लावला नाही.